एक-चौदाच्या उताऱ्यावर नसलेली माणसे

२००१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १३ लाख ४७ हजार ६६८ भरली. त्यात अनुसूचित जमातीची माणसे किती होती? फक्त ५६६. दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, हाच आकडा १ लाख ४९ हजार २७५ झाला, म्हणजे राज्यातल्या दर दहा माणसांमागे एक! ह्या दहा वर्षांत गोव्यात आदिवासींचा कुठून लोंढा आला नव्हता. फोंडा, केपे, सांगे, काणकोण, सासष्टी, तिसवाडी ह्या तालुक्यांत जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, तीच राहत होती. बदलली होती ती सरकारी यादी.

झाले होते असे. गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश असताना १९६८ साली अनुसूचित जमातींची पहिली यादी निघाली. त्या यादीत पाच नावे होती. धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली. ह्यांतली बहुतेक मंडळी दमणच्या बाजूची. गोव्याच्या डोंगरांत आणि खाजनांत राबणाऱ्या गावडे, कुणबी, वेळीप ह्यांचे नाव त्या यादीत नव्हते. १९८७ साली गोवा घटकराज्य झाले, दमण वेगळे राहिले, तरी गोव्याच्या वाट्याला यादी तीच राहिली. पुढे बऱ्याच मागण्या आणि मोर्चे झाल्यावर जानेवारी २००३ मध्ये संसदेच्या कायद्याने ह्या तीन समाजांचा गोव्याच्या यादीत समावेश झाला.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथेच एक खुलासा केलेला बरा. तिकडे कुणबी म्हटले की शेतकरी जात डोळ्यांसमोर येते. तिथे कुणबी इतर मागासवर्गात आहेत, आणि २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनात 'कुणबी नोंदी' हा शब्द घराघरांत पोचला. गोव्यातला कुणबी वेगळा. तो मुख्यतः सासष्टी आणि आसपासच्या भागातला, बराचसा ख्रिस्ती झालेला, आणि गावड्यांच्या जवळचा समाज म्हणून ओळखला जातो. शब्द एकच असला तरी सह्याद्रीच्या ह्या अंगाला त्याचा इतिहास निराळा आहे.

तर प्रश्न असा, की जे लोक गोव्याचे मूळ रहिवासी म्हणून सगळेच मान्य करतात, त्यांना 'तुम्ही मूळचे' हे कागदावर सांगायला २००३ साल का उजाडावे लागले? आणि ते सांगून झाल्यावर त्यांच्या पायाखालच्या जमिनीचे काय झाले? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

गोव्याच्या उत्पत्तीची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि त्या नव्या भूमीवर ब्राह्मणांना आणून वसवले. तिसवाडी म्हणजे तीस वस्त्या, सासष्टी म्हणजे सहासष्ट. कथा सुंदर आहे, पण तिच्यातली भूमी रिकामी आहे. भरतीचे पाणी अडवून खाजने तयार करायची तर बांध घालावे लागतात, मानशीची दारे बसवावी लागतात, दरसाल चिखल उपसावा लागतो. बाणाने हे होत नाही, त्याला खांदे लागतात. हे खांदे बहुतांशी गावडे-कुणब्यांचे होते, असे अनेक अभ्यासक मानतात. अनंत रामकृष्ण शेणवी धुमे ह्यांनी गोव्याच्या प्राचीन सांस्कृतिक इतिहासावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात कोल-मुंडा वंशाच्या लोकांच्या आगमनापासून सुरुवात केली आहे. त्यांचे सगळेच तर्क पटतील असे नाही. पण रिकाम्या भूमीची कथा त्यांनी बाजूला ठेवली, हे महत्त्वाचे. गोव्यातच जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनीही जुन्या काबिजादींतल्या ग्रामसंस्थेवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि 'मिथ अँड रिॲलिटी' ह्या १९६२ च्या ग्रंथात तो समाविष्ट केला. पुराणकथेच्या मागे जमीन कोण कसत होते, हे पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली.

कागदात नसलेल्या काही गोष्टी रूढीत टिकून राहतात. गोव्यातल्या अनेक गावांत देवळाचे महाजन वेगळे असतात, पण गावाच्या राखणदाराला पहिला नारळ ठेवण्याचा मान गावड्यांच्या जल्मीकडे असतो. काणकोण-केप्याच्या डोंगराळ भागात हे काम वेळीप करतो. वेळीप हे जमातीचे नाव, तसेच पुजाऱ्याचेही. मांडावर धालो घालायच्या तर पहिले गाऱ्हाणे कुणी घालायचे हे ठरलेले असते. परक्याच्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाकडे गावच्या दैवताचा पहिला मान का असावा? ह्याचे सरळ उत्तर एकच दिसते. ज्या काळी हा मान ठरला, त्या काळी ती जमीन परक्याची नव्हती. आणखी एक गंमत पाहा. कानडी शिलालेखांत 'गावुंड' म्हणजे गावचा प्रमुख. व्युत्पत्तीचा वाद विद्वानांवर सोडू, पण कर्नाटकात गौडा म्हटल्यावर जमीनदार आठवतो आणि गोव्यात गावडो म्हटल्यावर मुंडकार आठवतो, ह्यात दोन प्रदेशांतल्या जमिनीचा इतिहास आला.

गोव्यातली जमीन पूर्वापार गावकरीच्या मालकीची. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. १५२६ साली आफोंसो मेशिया ह्याने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज एका दस्तात लिहवून घेतले. तो 'फोराल' म्हणून प्रसिद्ध आहे. ओसाड जमीन ज्यांनी पहिल्यांदा लागवडीखाली आणली त्यांचे वंशज ते गावकर, अशी त्यात गावकरांची ओळख आहे. गावकरांची वांगडे ठरलेली. शेते पावणीत देऊन जे उत्पन्न येई त्यातून बांध, देऊळ, गावचे सेवेकरी आणि राजाचा वसूल भागवायचा, आणि उरेल ते गावकरांच्या पुरुष वंशजांनी 'जण' म्हणून वाटून घ्यायचे. व्यवस्था शहाणपणाची होती, ह्यात शंका नाही. खाजने शेकडो वर्षे टिकली ती तिच्यामुळे. पण दस्त लिहिला गेला तेव्हा ज्यांची वांगडे नोंदली गेली ते कायमचे गावकर झाले, आणि ज्यांची नोंदली गेली नाहीत ते त्याच गावात राबून पिढ्यान्‌पिढ्या उपरे राहिले. जुन्या काबिजादींतले बहुतेक गावडे-कुणबी ह्या दुसऱ्या गटात पडले. काणकोण, केपे भागांतल्या वेळिपांमध्ये 'गावकर' हे आडनाव आजही सर्रास सापडते, हे ह्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पोर्तुगीज अंमल तिकडे अठराव्या शतकात पोचला, म्हणून तिथली जुनी घडी जरा अधिक काळ टिकली.

मग आले धर्मांतर. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, सासष्टी ह्या तालुक्यांत जे घडले ते पुष्कळांनी लिहिले आहे. जमिनीच्या दृष्टीने त्याकडे कमी पाहिले गेले. हिंदू गावकरांचे गावकरीतले अधिकार कायदे करून आवळले गेले, तेव्हा काही गावकर देव घेऊन नदीपलीकडे गेले, काही ख्रिस्ती झाले आणि आपला जण राखून राहिले. म्हणजे गावकराला धर्म बदलून जमीन राखण्याचा एक मार्ग होता. गावड्याला तोही नव्हता, कारण राखायला नावावर काही नव्हतेच! तो ख्रिस्ती झाला, नाव बदलले, पण भाटकाराच्या भाटात झोपडी, त्याच्या माडांची राखण आणि हाक मारली की कामाला हजर, हे काही बदलले नाही. भाटकार पूर्वी हिंदू होता, आता ख्रिस्ती झाला, एवढाच फरक. चर्चमध्येही गावकरांच्या कोंफ्रारिया वेगळ्या राहिल्या आणि फेस्ताचे मान जातीनुसारच वाटले गेले.

जे हे सोसू शकले नाहीत ते निघून गेले. १५६० ते १८१२ ह्या इंक्विझिशनच्या काळात, आणि करांच्या, दुष्काळांच्या, साथींच्या तडाख्यांत, गोव्यातून अनेक समाजांची माणसे दक्षिणेला कारवार-मंगळूरकडे आणि घाटाच्या जंगलांत गेली. आज उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात कुणब्यांची मोठी वस्ती आहे. गोव्यातून आलो असे ते सांगतात, घरात कोकणी बोलतात, जंगलातल्या कंदमुळांचे त्यांचे ज्ञान मोठे आहे. सीमेच्या अलीकडचा कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहे. जोयड्याच्या कुणब्यांना मात्र तोच दर्जा मागत कर्नाटक सरकारकडे वर्षानुवर्षे खेपा घालाव्या लागल्या. कूळ एक, भाषा एक, मधे फक्त राज्याची हद्द.

इकडे गोव्यात १९२८ साली ओळख पुन्हा एकदा बदलली. मसुराश्रमाचे विनायक महाराज मसूरकर गोव्यात आले आणि शुद्धीच्या चळवळीत सात हजारांहून अधिक ख्रिस्ती गावडे हिंदू झाले. चर्च आणि पोर्तुगीज सरकार दोघांनीही विरोध केला. ह्या मंडळींना 'नवहिंदू गावडे' म्हणू लागले. त्या घटनेचे कुणी कौतुक करतो, कुणी टीका. मला इथे दिसते ते एवढेच, की एका समाजाचे आता तीन भाग झाले. जुने हिंदू गावडे, ख्रिस्ती गावडे आणि नवहिंदू गावडे. ह्यांचा आपसांतला रोटीबेटीचा व्यवहार बराच काळ जुळला नाही. जमिनीचा प्रश्न तिघांचाही सारखाच होता, पण तो एकत्र मांडायला तिघे एका मांडावर नव्हते. पुढे जमातीचा दर्जा मागायची वेळ आली तेव्हा ही फाळणी किती महाग पडली, हे सहज समजेल.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार बहुजनांच्या मतांवर आले आणि कुळांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना आलेली कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती. ह्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा 'कृषक दिन' धरून कुळाला कसत असलेल्या जमिनीचा खरेदीदार मानले. मुंडकाराला खेड्यात घर आणि त्याभोवतीची जागा मिळून ३०० चौरस मीटरपर्यंत विकत घेता येईल असे ठरले. ह्या कायद्यांनी गोव्याचा कणा सरळ केला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण कायदा कागद मागतो. खंडाची पावती, मामलेदारापुढची सुनावणी, वकिलाची फी. भाटकाराने पावती कधी दिलीच नसेल तर ती आणायची कुठून? दावे मामलेदाराच्या कचेरीत दशकानुदशके पडून राहिले आणि मुंडकारांच्या दोन-दोन पिढ्या तारखा घेत संपल्या.

डोंगरातल्या माणसाला तर एवढाही आधार मिळाला नाही. तो कुणाचा कूळच नव्हता. डोंगराचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षे नाचणी-वरी काढायची आणि तो तुकडा विसावायला सोडून पुढे जायचे, अशी त्याची कुमेरी शेती. पोर्तुगीज अंमलात तिच्यावर बंधने आली, मुक्तीनंतर वनखात्याने ती बंद करत आणली. कुमेरीच्या जागी काजू आले, पण जमीन कागदावर सरकारची, नाही तर मोकासदाराची, नाही तर अल्वाऱ्याची.

सत्तरच्या दशकात भूमापन होऊन एक-चौदाचे उतारे तयार झाले. महाराष्ट्रात सातबारा, तसा आमच्याकडे एक-चौदा. त्यात कब्जेदाराचा रकाना आहे, कुळाचा आहे आणि 'इतर हक्क' असाही एक आहे. कित्येक घराण्यांचा सगळा इतिहास ह्या शेवटच्या रकान्यात 'घर' एवढ्या नोंदीत मावला, आणि कित्येकांचा तिथेही नाही. उताऱ्यावर नाव नसले म्हणजे काय होते, ते सत्तरीत शेळ-मेळावलीला दिसले. आयआयटीसाठी जागा ठरली ती कागदावर सरकारी होती, आणि तिथे काजू लावून जगणारी माणसे रस्त्यावर आली. जानेवारी २०२१ मध्ये आंदोलन पेटले, आणि सरकारने प्रकल्प तिथून हलवला.

शिवाय विकासासाठीचे स्थलांतर आहेच. साळावली धरणासाठी सांग्यातला कुर्डी गाव उठला, माणसे वाडे आणि वालकिणीच्या वसाहतींत गेली. दर मे महिन्यात पाणी ओसरते, गाव वर येतो, आणि जुने गावकरी देवळाच्या चौथऱ्याशी आणि कपेलाशी जमतात. त्यांना बदली जागा मिळाल्या, पण ज्या झाडाखाली राखणदार होता ते झाड कुठल्या योजनेत बसत नाही. १९९९ साली म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये जाहीर झाली. वने राखली पाहिजेत हे खरेच, पण आतल्या वस्त्यांचे हक्क आधी ठरवायचे राहून गेले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले, तेव्हा वनवासींचे दावेही वर्षभरात निकाली काढा असे बजावावे लागले. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला.

आता २००३ च्या यादीचे महत्त्व ध्यानात येईल. नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या हा तिचा एक भाग झाला. खरा फरक पडला तो २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ती वनजमीन कसतो, तिथे राहतो हे दाखवले की पुरते. जो जमातीत नाही त्याला मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. एकाच डोंगरावर वेळिपाचे घर आणि धनगराचे घर शेजारी असू शकते. २००३ च्या यादीत वेळीप आले, धनगर-गवळी राहिले. दोघांची गुरे एकाच कुरणात चरली, पण एकाने डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा आणि दुसऱ्याने पाऊणशे वर्षांचा! जमातीचे नाव हाच इथे जमिनीचा दस्त ठरतो. ते नाव ४० वर्षे उशिरा मिळणे म्हणजे काय, हे ह्यावरून समजावे. आणि नाव मिळूनही काम झाले असे नाही. वनहक्काचे दहा हजारांच्या आसपास दावे दाखल झाले. त्यांतले फार मोठे प्रमाण वर्षानुवर्षे मोजणी, ग्रामसभा आणि समित्यांच्या फेऱ्यांत अडकून राहिले.

दर्जा मिळाला तरी हक्क मिळत नाहीत म्हणून २५ मे २०११ ला बाळ्ळीला आंदोलन झाले. त्यात मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप ह्या दोन तरुणांचा जळून मृत्यू झाला. आपल्याच राज्यात आपल्याच हक्कांसाठी दोन जीव गेले, ही गोष्ट गोव्याने विसरता कामा नये. विधानसभेच्या चाळीस जागांपैकी एकही जागा २०२२ पर्यंतच्या निवडणुकांत जमातींसाठी राखीव नव्हती. त्यासाठीचे विधेयक संसदेत ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झाले. त्या विधेयकाच्या उद्देशातही ५६६ आणि १,४९,२७५ हे दोन्ही आकडे दिलेले आहेत.

आता अलीकडचा एक प्रसंग. जुलै २०२१ मध्ये गोवा विधानसभेने 'भूमिपुत्र अधिकारिणी' विधेयक संमत केले. तीस वर्षे गोव्यात राहिलेल्या माणसाला 'भूमिपुत्र' मानायचे आणि २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराचा हक्क द्यायचा, असा त्याचा आशय. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कायदेशीर व्हावे, ह्याला कुणाची हरकत असेल? पण आदिवासी संघटना खवळल्या त्या 'भूमिपुत्र' ह्या शब्दाने. गोव्यात हा शब्द गावडा, कुणबी, वेळीप, धनगर ह्यांच्यासाठी रूढ आहे. जमीन तर नाहीच, निदान हे नाव तरी त्यांच्याकडे होते. तेही तीस वर्षांच्या वास्तव्यावर वाटायला निघालात का, असा त्यांचा सवाल होता. सरकारला शब्द मागे घ्यावा लागला आणि विधेयकही पुढे सरकले नाही. काहींना तो शब्दांवरचा कीस वाटला. ज्या समाजाला एका यादीतल्या नावासाठी मुक्तीनंतर चार दशके थांबावे लागले, त्याला शब्दाची किंमत आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

वाचकहो, आज गोव्यात जमिनीची चर्चा सुरू झाली की ती बाहेरच्यांनी घेतलेल्या बंगल्यांपाशी आणि दिल्लीवाल्यांच्या डोंगरकापणीपाशी जाऊन थांबते. 'गोंयकार कोण?' हा वाद रंगतो. तो रंगावाच. पण त्या वादात भाटकार आणि मुंडकार दोघेही सारखेच गोंयकार होऊन जातात, आणि त्यांच्यामधला जुना हिशेब मागे पडतो. डोंगर विकला गेला तर विकणारा कोण होता, आणि ज्याला विचारलेच गेले नाही तो कोण होता, हेही पाहिले पाहिजे. विकणारा बहुधा उताऱ्यावर होता. न विचारलेला उताऱ्यावर नव्हता.

पुढची जनगणना २०२७ साली होणार आहे आणि तिच्यात जातींचीही नोंद व्हायची आहे. तिथे गावडे, कुणबी, वेळीप किती भरतात ते कळेलच, आणि त्यावर मतदारसंघही आखले जातील. त्याच्याबरोबरीने आणखी एक मोजणी सरकारने करून लोकांपुढे ठेवावी. वनहक्काचे किती दावे निकाली लागले, मुंडकारांचे किती खटले मामलेदारांकडे पडून आहेत, आणि ह्या दीड लाख माणसांपैकी किती जणांची नावे एक-चौदाच्या कब्जेदाराच्या रकान्यात आहेत. माणसे मोजण्याइतके हे कठीण नाही. उतारे सरकारच्याच दप्तरात आहेत.